प्रयोगवहींतील असत्य

विद्यापीठाच्या पदवीविषयीं आपल्याकडे जी चर्चा चालते ती बहुधा नोकरीपाशीं सुरू होते आणि नोकरीपाशींच संपते. बी. एस्सी. होऊन मिळतें काय? पदार्थविज्ञान घेऊन मुलगा पुढें करणार काय? वैद्यकीय प्रवेशपरीक्षा हुकली म्हणून आलेला, अभियांत्रिकीचें शुल्क झेपत नाहीं म्हणून आलेला, पोलीसभरतीची जाहिरात निघेपर्यंत कोठें तरी नांव असावें म्हणून आलेला, अशा मुलांची ती धर्मशाळा आहे, असें सुशिक्षित घरांतही सर्रास बोललें जातें. त्या चर्चेंत मला शिरावयाचें नाहीं. पदवीनें पोट भरतें कीं नाहीं हा प्रश्न मुळींच क्षुद्र नाहीं. परंतु त्याच्याही आधीं एक प्रश्न आहे आणि तो कोणी विचारीत नाहीं. तीन वर्षें पदार्थविज्ञान शिकून बाहेर पडलेला तरुण खरें लिहावयास शिकलेला असतो कीं खोटें? माझें उत्तर असें कीं आपण त्याला खोटें लिहावयास शिकवितों. पद्धतशीरपणें, गुण देऊन, सहीशिक्क्यानिशीं शिकवितों. आणि या कामांत महाविद्यालय, परीक्षक, विद्यापीठ व आईबाप असे चौघेही भागीदार आहेत.

आरोप मोठा आहे. तेव्हां पुरावा आधीं देतों.

कांहीं वर्षांपूर्वीं भंडारा जिल्ह्यांतील एका महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेस मी बाह्य परीक्षक म्हणून गेलों होतों. महाविद्यालयाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. जें तेथें पाहिलें तें मीं इतरत्रही पाहिलें आहे आणि विद्यार्थिदशेंत स्वतःही केलें आहे. एका टेबलावर पवनीकडच्या खेड्यांतून एस. टी. नें येणारी एक मुलगी लंबकाचा प्रयोग करीत होती. छिद्रें पाडलेली पोलादी पट्टी धारेवर टांगावयाची, तिला हलका झोका द्यावयाचा, वीस झोक्यांना लागणारा वेळ मोजावयाचा, आणि त्यावरून पृथ्वीच्या आकर्षणानें पडत्या वस्तूस येणारें त्वरण काढावयाचें, ज्याला विद्यार्थी नुसतें ‘जी’ म्हणतात. देशांतील बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाला हा प्रयोग असतो. मुलगी मन लावून मोजीत होती. मोजतांना तिचे ओठ हलत होते. मध्येंच शेजारच्या मुलानें कांहीं विचारलें तेव्हां तिनें हातानेंच त्याला थांबविलें, पण मोजणी सोडली नाहीं. तासाभरानें गणित पुरें झालें आणि उत्तर आलें ९७७.९. तिनें तें पाहिलें, शेजारच्या वहींत पाहिलें, मग खोडरबर काढलें. तक्त्यांतील तिसऱ्या आणि पांचव्या ओळींतला वेळ तिनें किंचित् कमी केला, आणि नवें उत्तर लिहिलें: ९८०.३.

मी जवळ जाऊन विचारलें, "काय खोडलंस, बेटा?"

"चुकलं होतं, सर."

"काय चुकलं होतं? मोजणी?"

ती जरा घोटाळली. "नाहीं सर, मोजणी बरोबर होती. उत्तर चुकलं होतं."

मोजणी बरोबर आणि उत्तर चूक! आपल्या विज्ञानशिक्षणाची इतकी नेमकी व्याख्या मला कोणत्याही शिक्षण आयोगाच्या अहवालांत सांपडलेली नाहीं. त्या मुलीला लबाड म्हणावें असें तिच्या चेहऱ्यावर कांहीं नव्हतें. शुद्धलेखन तपासावें तसें तिनें आपलें रीडिंग तपासलें होतें आणि पुस्तकाशीं न जुळणारें अक्षर सुधारलें होतें. तिला दंड करावा तर त्या खोलींतील जिचें खोडणें माझ्या दृष्टीस पडलें ती एकटी बळी जाणार, आणि बाकीचे, ज्यांनीं घरूनच आकडे पाठ करून आणले होते, ते सुटणार. मीं वहीवर सही केली, तिला चांगले गुण दिले, चहा घेतला आणि परत आलों. तेव्हां त्या भागीदारांत माझेंही नांव लिहावें.

आतां त्या ९८० ची कथा ऐका. पृथ्वी अगदीं गोल नाहीं. ती ध्रुवांपाशीं चपटी व मध्यें फुगीर आहे, शिवाय स्वतःभोंवतीं फिरते. त्यामुळें ‘जी’चें मूल्य सर्वत्र सारखें येत नाहीं. सेंटिमीटर व सेकंद यांच्या मापानें तें विषुववृत्तावर समुद्रसपाटीला सुमारें ९७८.०, तर ध्रुवांवर सुमारें ९८३.२ असतें. पॅरिसला तें ९८०.९ आहे आणि लंडनला ९८१.२. सर्वांच्या सोयीसाठीं म्हणून ९८०.६६५ हा एक प्रमाण आकडा आंतरराष्ट्रीय वजनमापे परिषदेनें १९०१ सालीं ठरविला. तो ४५ अंश अक्षांशावरील समुद्रसपाटीच्या धोरणानें घेतलेला आहे. इंग्रजी क्रमिक पुस्तकांतून ९८१ आला, त्याचा ९८० झाला, आणि तो आमच्या गाइडांत कायमचा बसला. भंडारा शहर सुमारें २१ अंश १० कला अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून अडीचशें मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. सूत्रांत हे आकडे घालून पाहावें. भंडाऱ्याचा ‘जी’ ९७८.६ च्या आसपास येतो. आणखी पुढें जाऊन पाहूं. भारताचें उत्तर टोंक ३७ अंशांच्या थोडें वर आहे. तेथें समुद्र असता तरी मूल्य ९७९.९ च्या पुढें गेलें नसतें. तेथें तर हजारों मीटर उंचीचे पर्वत आहेत, आणि उंचीबरोबर ‘जी’ घटतो. म्हणजे कन्याकुमारीपासून काराकोरमपर्यंत या देशांत अशी एकही जागा नाहीं जेथें ‘जी’ ९८० भरेल. आणि या देशांतील प्रयोगवह्यांत मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या ९८० भरतो आहे!

यावरून ती मुलगी बरोबर होती असें मी म्हणणार नाहीं. वीस झोके, साधें स्टॉपवॉच आणि माणसाचा अंगठा यांवर काढलेल्या उत्तराला तीन-चार एककांची अनिश्चितता सहज असते, तिचें ९७७.९ भंडाऱ्याच्या खऱ्या मूल्याजवळ पडलें हा योगायोगही असूं शकेल. ९७३ आलें असतें तरी तिची मोजणी तितकीच प्रामाणिक ठरली असती. परंतु हेंच तर प्रयोगशाळेंत शिकावयाचें असतें! माझें उत्तर अमुक, आणि त्याचा भरंवसा अमुक इतका, हीं दोन वाक्यें एकत्र म्हणतां येणें म्हणजे पदार्थविज्ञान येणें. ‘९७८, चार इकडे किंवा चार तिकडे’ असें तिनें लिहिलें असतें तर मीं तिच्यापुढें हात जोडले असते. तिला तें लिहावयास कोणी शिकविलेंच नव्हतें. वहीच्या शेवटीं ‘त्रुटींचीं कारणें’ या मथळ्याखालीं वाऱ्याचा झोत आणि दोऱ्याची ताण अशीं छापील वाक्यें मात्र प्रत्येक वहींत होतीं. पट्टीच्या लंबकाला दोरा नसतो, हें कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें.

जुळत नाहीं तें खोडावयाचें, ही रीत ज्ञानाच्या इतिहासांत चालली असती तर काय झालें असतें तें पाहण्यासारखें आहे. १६७२ सालीं झां रिशे नांवाचा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेंतील केयेन येथें गेला. पॅरिसला अचूक चालणारें त्याचें लंबकाचें घड्याळ तेथें दिवसाला सुमारें अडीच मिनिटें मागें पडूं लागलें. लंबक जवळजवळ तीन मिलिमीटर आंखूड केला तेव्हां कोठें तें वेळेवर आलें. पॅरिसच्या पंडितांना शंका आल्या. मोजणाराच निष्काळजी असेल, उष्णतेनें दांडी लांबली असेल. रिशेनें आपला आकडा खोडला नाहीं. पुढें १६८७ सालीं न्यूटननें आपल्या ग्रंथांत त्या तीन मिलिमीटरांचा आधार घेतला आणि पृथ्वी विषुववृत्तापाशीं फुगीर आहे हें दाखविलें. रिशे आमच्या एखाद्या महाविद्यालयांत असता तर त्यानें पॅरिसचाच आकडा वहींत उतरविला असता आणि त्याला वीसपैकीं अठरा गुण मिळाले असते.

इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्याच विद्यापीठाच्या कक्षेंत, वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें, विल्यम लॅम्टन याची कबर आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा जनक १८२३ च्या जानेवारींत हैदराबादेकडून नागपूरकडे येतांना तेथें वारला. बरोबर शंभर वर्षांनीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें, हा एक योगायोग. लॅम्टनच्या मागून एव्हरेस्टनें तें काम उत्तरेकडे नेलें. सिरोंजजवळचें कल्याणपूर आणि मुजफ्फरनगरजवळचें कलियाणा या दोन ठाण्यांमधील अंतर साखळीनें व त्रिकोणांनीं मोजलें तें एक आलें, आणि ताऱ्यांवरून काढलें तें दुसरें. फरक होता फक्त ५.२३६ विकलांचा, जमिनीवर मोजावयाचा तर दीडशें मीटरांहून थोडा अधिक. एव्हरेस्टनें ती मोजणीची चूक मानून सर्व त्रिकोणांत वांटून टाकली. तथापि मूळ आकडे कागदावर राहिले होते. प्रॅट नांवाच्या धर्मोपदेशक गणितीनें हिमालयाच्या आकर्षणानें ओळंबा किती ढळावा याचा हिशेब केला, तेव्हां ढळ पाहिजे होता त्याच्या एक तृतीयांशच निघाला. आणि १८५५ सालीं एअरीनें त्याचा अर्थ लावला कीं पर्वतांच्या तळाशीं हलक्या खडकाचीं मुळें खोल गेलेलीं आहेत. आजच्या भूशास्त्राचा एक आधारस्तंभ त्या न जुळलेल्या पांच विकलांवर उभा आहे. ज्या विद्यापीठाच्या हद्दींत लॅम्टन झोंपला आहे तेथें एका मुलीनें आपलीं दोन एककें खोडरबरानें पुसलीं.

आणि रामन्! दर वर्षीं २८ फेब्रुवारीस विज्ञानदिन येतो, त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, भाषणें होतात. रामन् हे १९१० सालीं सरकारी हिशेबखात्यांतील अधिकारी म्हणून नागपुरास होते, ही गोष्ट आमच्या भागांत अभिमानानें सांगितली जाते, आणि ती खरी आहे. हिशेबखात्यांत बेरीज जुळलीच पाहिजे. प्रयोगशाळेंत ती न जुळूं देण्याची हिंमत पाहिजे. हा भेद त्या माणसाला दोन्ही बाजूंनीं ठाऊक होता. १९२३ मध्यें त्यांचे सहकारी रामनाथन् यांना पाण्यांतून विखुरलेल्या प्रकाशांत एक क्षीण परकी छटा दिसली. पाणी अशुद्ध असेल म्हणून त्यांनीं तें पुन्हां पुन्हां शुद्ध केलें, छटा जाईना. ती नोंदली गेली. पांच वर्षांनीं, १९२८ सालीं, तीच छटा रामन् परिणाम ठरली आणि १९३० सालीं तिला नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या खोलींत या माणसाला हार घालावयाचा त्याच खोलींत रीडिंग ‘अ‍ॅडजस्ट’ करावयाचें, यांत कोणाला विसंगति वाटत नाहीं.

हें अ‍ॅडजस्ट करणें कसें चालतें हें ज्या पालकांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. वर्षाच्या अखेरीस ‘जर्नल पूर्ण करणें’ नांवाचा एक उत्सव असतो. मागल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची वही आणावयाची, ती त्यानें त्याच्या मागल्याकडून आणलेली असते, आणि ती रात्रभर बसून उतरावयाची. एका महाविद्यालयांत मीं एकाच प्रयोगाचा एकच तक्ता दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत सारखा अशा सहा वह्या पाहिल्या. त्यांपैकीं एकींत मूळ मालकाच्या हातून सुटलेली बेरजेची चूकही इमानेंइतबारें उतरली होती. परंपरा जपण्यांत आम्ही कोणाला हार जाणार नाहीं. जे अधिक हुशार असतात ते उत्तरावरून उलटें गणित करून रीडिंग तयार करतात, आणि खरें वाटावें म्हणून एखादें थोडें चुकवितात. हें करावयास विषय चांगला यावा लागतो. म्हणजे वर्गांतील सर्वांत उत्तम विद्यार्थी सर्वांत उत्तम बनावट करतो, आणि पहिला येतो.

या आरोपाला मिळणारीं उत्तरें मला ठाऊक आहेत. पहिलें असें कीं उपकरणें जुनीं आहेत. आहेतच. परंतु मोडक्या काट्यावरचें खरें रीडिंग खरेंच असतें. काट्याचा दोष किती हें शोधणें हाच तेथें प्रयोग. जुनें उपकरण प्रामाणिकपणाच्या आड येत नाहीं, उलट त्याची परीक्षा घेतें. दुसरें उत्तर असें कीं शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनावर, उद्यांचा भरंवसा नसलेला माणूस शिकवितो. या उत्तरापुढें मी मान खालीं घालतों. ज्याला पुढल्या सत्रांत बोलावतील कीं नाहीं हें ठाऊक नाहीं त्यानें साऱ्या वर्गाचीं उत्तरें ‘चुकूं’ द्यावीं आणि बाह्य परीक्षकाचा रोष ओढवून घ्यावा, ही अपेक्षा करणारे आपण कोण? म्हणूनच मी तो दोष शिक्षकाच्या पदरीं बांधीत नाहीं. त्याच्या डोक्यावर जी गुणपद्धति आहे ती त्याला खोटेपणाकडे ढकलते, आणि ती गुणपद्धति विद्यापीठाच्या हातांत आहे.

तिसरें उत्तर थोडें विद्वत्तेचें असतें. मोठमोठे शास्त्रज्ञही असें करतात, असें म्हणतात. हें खरें आहे. मिलिकननें विद्युत्कणाचा भार मोजला तेव्हां हवेच्या चिकटपणाचा आकडा किंचित् चुकीचा घेतल्यामुळें त्याचें उत्तर थोडें कमी आलें. पुढच्यांनीं मोजलें तें एकदम खऱ्यावर न जातां हळूहळू, थोडें थोडें वर सरकत गेलें, कारण ज्याचें उत्तर मिलिकनपासून फार दूर येई तो आपलीच चूक शोधीत बसे. १९७४ सालीं फाइनमननें ही गोष्ट विद्यार्थ्यांसमोर सांगितली ती लाज वाटावी म्हणून. आमच्याकडे तीच गोष्ट सवलत म्हणून सांगतात.

महाराष्ट्रांत २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणें संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना आली आहे. तीन वर्षांची पदवी, इच्छा असल्यास चौथें वर्ष, मुख्य विषय, गौण विषय, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, आणि या सर्वांची मोजदाद श्रेयांकांनीं. या रचनेविषयीं पुष्कळ वाद झाला. मला त्यांत एकच गोष्ट दिसते: प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकामागें सत्रांत ३० तास काम, असें कागदावर लिहिलेलें आहे. दोन श्रेयांकांचे साठ तास झाले. साठ तासांत दहा प्रयोग खोटे करावयाचे कीं तीन खरे? विद्यापीठानें यादी लांब ठेवली आणि प्रश्न सोडवून टाकला. लांब यादी तपासणीला बरी दिसते.

कोणी विचारील, दोन एककांनीं जगाचें काय बिघडलें? जगाचें सोडा, जिल्ह्याचें पाहूं. या जिल्ह्यांतील पदवीधर जातो कोठें? कोणी वरठीच्या पोलाद कारखान्यांत तापमानाच्या नोंदी घेतो, कोणी तुमसर तालुक्यांत डोंगरी बुजुर्ग किंवा चिखला येथील मँगनीजच्या खाणींवर धातुकाचे नमुने तपासतो, कोणी जवाहरनगरच्या आयुधनिर्माणींत लागतो, कोणी रक्ततपासणीच्या खोलींत, कोणी तांदळाच्या गिरणींत ओलावा मोजावयास. म्हणजे जेथें जातो तेथें काट्यासमोरच उभा राहतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडारा शहरांत शिरला तो दिवस येथील कोणी विसरणार नाहीं. कारध्याच्या पुलापाशीं पाणी कोठवर चढलें हें कोणा तरी माणसानें पाहून, जसेंच्या तसें, पुढें कळवावयाचें असतें, आणि त्या आकड्यावर खालच्या वस्त्या हालवावयाच्या कीं नाहीं हें ठरतें. तो माणूस प्रामाणिक असेल, असतोच. तो तसा आहे याचें श्रेय मात्र आपल्या प्रयोगशाळेकडे जात नाहीं. तेथें तर आपण त्याला तीन वर्षें सांगत होतों कीं साहेबाला कोणता आकडा आवडतो तो आधीं पाहा आणि मग काटा वाच.

आतां भागीदारांपैकीं चौथा, म्हणजे आपण. या मासिकाच्या वाचकांच्या घरांत मुलाला असत्य बोलूं नये असें शिकविलें जातें, आणि तें मनापासून. परंतु त्याच घरांत मार्च महिन्यांत आई रात्रीं चहा करून देते आणि वडील स्वतः वहींत आकृत्या काढून देतात, कारण ‘प्रॅक्टिकलचे गुण हातचे असतात’. शेजारच्यांच्या मुलाची जुनी वही मागावयास आपणच जातों. मुलगा म्हणाला कीं माझें उत्तर जुळत नाहीं, मी तसेंच लिहिणार, तर आपल्यापैकीं किती जण त्याला लिहूं देतील? मी माझ्याविषयींच सांगतों. माझ्या मुलानें एकदां हेंच म्हटलें होतें. मी म्हणालों, "उगाच शहाणपणा करूं नकोस, गुण जातील." तो आज परगांवीं चांगल्या नोकरींत आहे. विषय मात्र त्यानें त्याच वर्षीं सोडला, आणि कारण मीं कधीं विचारलें नाहीं.

उपाय फार मोठे नाहींत आणि त्यांना पैसा जवळजवळ लागत नाहीं. पहिला, परीक्षेच्या खोलींतून पेन्सिल आणि खोडरबर बाहेर. रीडिंग शाईनें लिहावें. चुकलें तर एक रेघ मारून शेजारीं दुसरें लिहावें, पहिलें वाचतां आलें पाहिजे. दुसरा, उत्तर पुस्तकाजवळ आलें म्हणून एकही गुण देऊं नये. अनिश्चितता नीट काढली आहे कीं नाहीं, तिला गुण द्यावे. तिसरा मला सर्वांत प्रिय आहे. प्रत्येक सत्रांत एक तरी प्रयोग असा ठेवावा कीं ज्याचें उत्तर कोणत्याही पुस्तकांत नाहीं आणि परीक्षकालाही ठाऊक नाहीं. भंडारा जिल्ह्यांत असे प्रयोग पावलोपावलीं पडलेले आहेत. येथील पितळेचीं भांडीं घ्या. पितळ हा तांबें आणि जस्त यांचा मिश्रधातु. जस्ताच्या प्रमाणाप्रमाणें त्याची घनता साधारण ८.४ पासून ८.७ पर्यंत बदलते, आणि मोडींतून ओतलेल्या भांड्यांत तें प्रमाण भांड्यागणिक वेगळें. आजीचा गडवा पाण्यांत बुडवून तोला. गाइड काय सांगणार? धानाची रास घ्या. खळ्यावर ओतलेल्या धानाच्या राशीचा उतार किती अंशांचा होतो? जातीप्रमाणें, ओलाव्याप्रमाणें, दाण्याच्या तुसाप्रमाणें तो बदलतो. कणमय पदार्थांचें हें शास्त्र आज जगांत मोठमोठ्या प्रयोगशाळांत अभ्यासलें जातें आणि लाखांदूरच्या मुलाला त्यासाठीं लागणारें साहित्य त्याच्या अंगणांत आहे. मालगुजारी काळांतील तलाव घ्या. दोरीला तापमापक बांधून हात हात खोलीवर पाण्याचें तापमान मोजा, सकाळीं आणि दुपारीं, जानेवारींत आणि मे महिन्यांत. कोहळी लोकांनीं ते तलाव बांधले तेव्हां जमिनीचा उतार डोळ्यांनीं आणि पाण्यानें मोजला होता. त्यांना उत्तर कोणी आधीं सांगितलें नव्हतें, आणि खोटें मोजलें असतें तर पाणी बांधावरून वाहून गेलें असतें.

अभ्यासमंडळावर बसणाऱ्या एका स्नेह्याला मीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला कीं उत्तरच ठाऊक नसेल तर परीक्षक तपासणार कसें? मीं म्हटलें, मोजून. तो हंसला. त्याला ती कोटी वाटली.

विद्यापीठ ठरवील तेव्हां ठरवील. तोंवर ज्यांच्या घरीं पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी असेल त्यांनीं पुढल्या सुट्टींत एक करावें. तांबटाळींतून सुपारीएवढा भरीव पितळी गोळा आणावा. ओसरीच्या तुळईला, हलणार नाहीं अशा खिळ्याला, न ताणणाऱ्या बारीक दोऱ्यानें तो टांगावा. खिळ्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी बरोबर १०० सेंटिमीटर भरावी. येथें अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर अर्ध्या एककानें हालतें, म्हणून पोलादी पट्टीनें तीनदां मोजावी. झोका लहान द्यावा. पांच अंशांचा दिला तर उत्तर जवळजवळ एक एककानें कमी येईल, दोन अंशांचा दिला तर फरक नगण्य राहील. मग एकानें घड्याळ धरावें आणि दुसऱ्यानें मोठ्यानें झोके मोजावे, वीस नव्हे, पांचशें. पुस्तकाचा ९८१ खरा असेल तर पांचशें झोक्यांना १००३.० सेकंद लागतील. भंडाऱ्याचा ९७८.६ खरा असेल तर १००४.३. सतरा मिनिटांच्या अखेरीस सारा वाद सव्वा सेकंदावर येऊन ठेपतो, आणि तेवढा वेळ कोणाच्याही अंगठ्याला पकडतां येतो. वारा लागेल, मांजर दोऱ्याला झोंबेल, तीनशें बाराव्या झोक्याला कोणी दारावरची घंटा वाजवील. मग पुन्हां पहिल्यापासून.

येणारे आकडे, तारीख, गांव आणि मोजणाराचें वय यांसह, माझ्याकडे या मासिकाच्या पत्त्यावर पाठवावे. मी ते सर्व, ९७१ असो कीं ९८६, जसेच्या तसे जपून ठेवीन. मात्र ज्यांचें उत्तर पहिल्याच खेपेस बरोबर ९८० येईल त्यांनीं पत्रासोबत मूळ वहीही पाठवावी.